दंडावरचा सेन्सर, कमरेचा पंप: मधुमेहाचे उपकरण वापरायला सुखद कशाने होते?

प्रश्न: रेघोट्या (पुणे)

नमस्कार. मी प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. टाइप १ मधुमेह असलेल्यांना चोवीस तास अंगावर वागवावी लागणारी उपकरणे, म्हणजे शुगर सतत मोजणारा सेन्सर आणि इन्सुलिनचा पंप, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. मला स्वतःला मधुमेह नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कामाला लागण्यापूर्वी मी चौदा दिवस एक सेन्सर दंडावर लावून पाहिला. पहिल्याच दिवशी तो दाराच्या चौकटीला दोनदा आपटला, तिसऱ्या दिवशी सॅकचा पट्टा उतरवताना त्याची कड उचकटली आणि नवव्या दिवसापर्यंत कडेने मळाची काळी रेघ धरली. चौदाव्या दिवशी मी तो काढला आणि मोकळा झालो. ज्यांना त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर नवा सेन्सर लावायचा असतो त्यांना काय वाटते, हे मला त्या चौदा दिवसांतून कळणे शक्य नव्हते. म्हणून इथे विचारतो आहे.

थोडेफार वाचन केले आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी तयार केलेला पंप पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढा होता. आज लिब्रे ३ हा सेन्सर २१ मिलिमीटर व्यासाचा आणि २.९ मिलिमीटर जाडीचा आहे, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढा. मधल्या काळात, २००१ मध्ये, अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाच्या उपकरणाला मान्यता मिळाली. ते दिसायला मनगटी घड्याळ होते आणि सुई न टोचता सूक्ष्म विद्युतप्रवाहाने त्वचेतून ग्लुकोज ओढून घेत असे. परंतु त्याने मनगटावर लाल चट्टे उठत, खाज सुटे, घाम आला की रीडिंग गळत असे, आणि काही वर्षांतच ते बंद पडले. २००७ मध्ये एमी टेंडरिच या टाइप १ मधुमेह असलेल्या अमेरिकी लेखिकेने स्टीव्ह जॉब्स यांना खुले पत्र लिहून विचारले होते की, गाणी ऐकायचे यंत्र इतके देखणे होऊ शकते, तर ज्यावर आमचा जीव अवलंबून आहे ते यंत्र असे ओबडधोबड का असावे. त्या पत्रावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅडॅप्टिव्ह पाथ या डिझाइन कंपनीने चार्मर नावाची एक संकल्पना मांडली होती, ज्यात उपकरण दागिन्यासारखे अंगावर घालता येईल असा विचार होता.

माझे मार्गदर्शकही मला त्याच वाटेने नेत आहेत: रंग, पोत, दागिन्यासारखे रूप. मला मात्र शंका आहे की आपण चुकीच्या जागी खाजवत आहोत. उपकरण खोक्यातून काढल्यापासून ते कचऱ्यात टाकेपर्यंत नेमका कोणता क्षण तुम्हाला नकोसा होतो, आणि कोणत्या क्षणी बरे वाटते? कृपया शक्य तितके बारकाईने सांगावे.

प्रतिसाद १: मुलीची आई (कोल्हापूर)

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि सातव्या वर्षापासून तिला टाइप १ आहे. पहिली दोन वर्षे आम्ही दिवसातून सहा-सात वेळा बोट टोचून शुगर पाहत होतो. तिच्या बोटांची टोके वाटाण्याच्या सालीसारखी खरखरीत झाली होती आणि पेटी वाजवताना तिला ते जाणवायचे. त्यामुळे सेन्सर आला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते, हे आधी लिहिते, कारण पुढे सगळ्या तक्रारीच आहेत.

लावायच्या वेळी सुई दिसत नाही हे फार मोठे सुख आहे. ज्याने कोणी ती सुई प्लास्टिकच्या टोपीत लपवली त्याला माझा नमस्कार सांगा. पण त्या टोपीचा जो खटका वाजतो, तो आवाज मुलीला सुईपेक्षा जास्त छळतो. टोचल्याचे तिला फारसे कळतही नाही. आवाज केव्हा येणार या वाट पाहण्यानेच ती अर्धी होते. मी दाबत होते तोवर दर चौदा दिवसांनी रडारड असे. एकदा ती म्हणाली, ‘मीच दाबते,’ आणि आरशासमोर उभी राहून तिने स्वतः दाबला. त्या दिवसापासून रडणे बंद झाले. त्यामुळे लहान मुलाला उलट्या हाताने स्वतःच्या दंडावर दाबता येईल असा आकार असावा, ही माझी पहिली मागणी आहे. आत्ताची टोपी तिच्या मुठीत मावत नाही.

काढताना आम्ही कडेने खोबरेल तेल लावतो, दहा मिनिटे थांबतो आणि मग नखाने कड उचलतो. लहान मुलांची कातडी नाजूक असते. ओढून काढले की खाली गुलाबी चौकट उमटते आणि ती चार दिवस जात नाही.

पण सर्वांत अवघड गोष्ट यंत्राच्या आकाराची नाही. मुलीच्या शुगरचा आकडा माझ्या मोबाइलवर दिसतो, तिच्या बाबांच्या मोबाइलवर दिसतो आणि मामाच्याही मोबाइलवर दिसतो. ती शाळेतून येते तेव्हा दप्तर खाली ठेवायच्या आत मी विचारते, ‘दोनशे चाळीस कशाने झाली गं? मधल्या सुट्टीत काय खाल्लंस?’ गेल्या महिन्यात ती चपला काढता काढता म्हणाली, ‘आई, तू माझ्याकडे बघतच नाहीस, मोबाइलकडे बघून मला विचारतेस.’ तिचे खरे होते. आता आम्ही ठरवले आहे की घरात आल्यावर पहिली पंधरा मिनिटे आकड्याविषयी बोलायचे नाही, शुगर लो असेल तर गोष्ट वेगळी. हे आम्हाला आमचे ठरवावे लागले. यंत्रानेच पालकाला जरा दमाने घ्यायला लावले असते, तर कदाचित दोन वर्षे आधी सुचले असते.

प्रतिसाद २: ठाणे फास्ट

मी चौतीस वर्षांची आहे, पंचवीस वर्षे टाइप १ आहे आणि गेली सहा वर्षे ट्यूब असलेला पंप वापरते. सकाळी आठच्या सुमाराची लोकल पकडते. रेघोट्या, तुमची शंका बरोबर आहे, पण अर्धीच. रूपाचा प्रश्न आहे. मात्र तो यंत्राच्या रंगाचा नसून आमच्या कपड्यांचा आहे.

पंप पट्ट्याला अडकवायचा असतो, असे गृहीत धरून त्याला क्लिप दिलेली असते. साडीला पट्टा कुठे असतो? सलवारीच्या नाडीला क्लिप लावली की पंपाच्या वजनाने नाडी एका बाजूला ओढली जाते. शेवटी मी माझ्या शिंप्याकडून प्रत्येक परकराला आतून एक छोटा खिसा शिवून घेतला आणि ट्यूब बाहेर येण्यासाठी खिशाच्या तळाशी काजाएवढे भोक ठेवायला सांगितले. शिंप्याने पहिल्यांदा विचारले, ‘मोबाइलसाठी का, ताई?’ मी हो म्हटले. हा खिसा माझ्या सहा वर्षांतल्या सर्वांत सुखद डिझाइनचा नमुना आहे आणि तो पंप तयार करणाऱ्यांपैकी कोणीही मला दिलेला नाही. त्यातही अडचण राहतेच: जेवणाआधी बोलस, म्हणजे त्या जेवणापुरता इन्सुलिनचा डोस, द्यायचा तर पंप बाहेर काढावा लागतो आणि लग्नाच्या पंगतीत परकरात हात घालून बसता येत नाही. मोबाइलवरून किंवा एखाद्या छोट्या रिमोटवरून बोलस देता येणे ही चैन नाही. बायकांच्या दृष्टीने ती मूलभूत सोय आहे.

ट्यूब दाराच्या कडीत अडकते. हे पंप वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातल्या खालच्या खणाची मूठ हा माझा जन्माचा वैरी आहे. हिसका बसला की पोटावरची कॅन्युला, म्हणजे त्वचेखाली इन्सुलिन सोडणारी बारीक नळी, निघते आणि त्या दिवशी कपाळमोक्ष व्हायचा तो असा होतो की, कॅन्युला निघाली हे लगेच समजत नाही आणि दोन-तीन तासांनी शुगर तीनशेच्या पुढे गेल्यावर आपण ब्लाउजखाली हात घालून तपासतो.

चिकटपट्टीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ती ज्या हवेत तपासली जात असेल त्या हवेत कोणी मे महिन्यात दादर स्टेशनचा पूल चढत नसावा. घामाने तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडा सुटतात, मग त्यावर आणखी एक पट्टी, त्यावर आणखी एक. आणि दिवाळी! नरक चतुर्दशीला आईने तेल-उटणे लावायचे, हे आमच्या घरी अजून पाळले जाते. तेल लागले की पट्टी गेलीच. म्हणून मी सेट (कॅन्युला, ट्यूब आणि पट्टी) बदलायचा दिवस असा मोजून ठेवते की अभ्यंगस्नान आधी आणि नवा सेट नंतर. एक दिवाळी अशी गेली की गणित चुकले आणि दंडापासून वीतभर अंतर सोडून आईने तेल लावले. तिच्या चेहऱ्यावर जो संकोच होता तो मला अजून आठवतो. आपल्या आईला आपल्या दंडाची भीती वाटावी, असे कोणतेही यंत्र सुखद म्हणता येणार नाही.

कोल्हापूरच्या ताई, तुमच्या मुलीने जे म्हटले ते मी तिच्या वयात म्हणू शकले नसते, कारण तेव्हा हे काही नव्हतेच. पण असते आणि माझा आकडा चौघांना दिसत असता, तर मी सेन्सर खिडकीतून फेकला असता. राग मानू नका.

प्रतिसाद ३: इसारकाठी (म्युनिक)

मी मूळचा साताऱ्याचा. गेली अकरा वर्षे इथे वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात काम करतो. मी ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचे नाव लिहीत नाही आणि इथले मत माझे वैयक्तिक आहे.

रेघोट्या, आधी एक मोह सोडून द्या: घड्याळ किंवा अंगठी. दर वर्षी कोणीतरी सुई न टोचता शुगर दाखवणारे घड्याळ आणल्याचा दावा करते. अमेरिकेत औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांना मान्यता देणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता की, स्वतःच, त्वचा न छेदता, ग्लुकोज मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर माणूस दगावू शकतो, हे त्यामागचे साधे कारण आहे. जे घड्याळ सेन्सरचा आकडा फक्त दाखवते ते वेगळे, आणि ते उपयोगीच आहे.

आता शरीराचा भाग. सेन्सर रक्तात नसतो. त्वचेखाली काही मिलिमीटर गेलेला तंतू पेशींच्या मधल्या द्रवातले ग्लुकोज मोजतो आणि तो द्रव रक्ताच्या पाच ते दहा-पंधरा मिनिटे मागे चालतो. शुगर झपाट्याने उतरत असताना पडद्यावर ९० दिसते आणि माणसाला मात्र दरदरून घाम सुटलेला असतो. वापरणाऱ्याचा विश्वास इथे उडतो. म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा, शुगर चढते आहे की उतरते आहे ते दाखवणारा बाण महत्त्वाचा. ज्या पडद्यावर आकडा भला मोठा आणि बाण कोपऱ्यात चिमुकला असतो, तो पडदा माझ्या मते चुकीचा आखलेला आहे, मग तो कितीही देखणा असो. तसेच रात्री दंड अंगाखाली दबला की तिथला द्रव पिळला जातो आणि शुगर कमी नसतानाही लो दिसते. अर्ध्या रात्री अलार्म, उठून बोट टोचले तर ११०. असे तीनदा झाले की चौथ्या वेळी माणूस अलार्म बंद करून झोपतो, आणि नेमकी ती रात्र खरी असू शकते.

अलार्मविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण सुख आणि जीव यांची गाठ तिथेच पडते. काही सेन्सरांत ५५ च्या खालचा तातडीचा अलार्म वापरणाऱ्याला बंदच करता येत नाही. त्यामागे विचार आहे. पण आवाज कोणता, किती मोठा, कोणासाठी, याचा विचार फार उशिरा झाला. सिएटलच्या डॅना लुईस यांची गोष्ट तुम्ही वाचलीच पाहिजे. त्या गाढ झोपतात, एकट्या राहत असत आणि सेन्सरच्या अलार्मने त्यांना जाग येत नसे. त्याच सुमारास, २०१३ मध्ये, जॉन कॉस्टिक या न्यूयॉर्क राज्यातल्या अभियंत्याने आपल्या चार वर्षांच्या मुलाचा आकडा दुरून पाहता यावा म्हणून सेन्सरमधली माहिती बाहेर काढण्याची युक्ती शोधली होती. पुढे तीच नाइटस्काउट म्हणून प्रसिद्ध झाली. लुईस यांनी ती घेतली आणि स्वतःला हवा तेवढा मोठा अलार्म तयार केला. त्या एका मोठ्या आवाजाच्या गरजेतून वाढत वाढत २०१५ मध्ये ओपनएपीएस, म्हणजे सेन्सर पाहून पंपाचे इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारी प्रणाली, सर्वांसाठी खुली झाली. पहिल्या संकरित स्वयंचलित पंपाला (जेवणाचे इन्सुलिन माणसाने द्यायचे, बाकीचे पंप सांभाळतो), मिनीमेड ६७०जीला, एफडीएची मान्यता सप्टेंबर २०१६ मध्ये मिळाली. रुग्ण पुढे होते आणि कारखाने मागे, असे निदान या बाबतीत म्हणता येते.

रुग्णालयातल्या यंत्रांच्या अलार्मसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे ६०६०१-१-८ हे मानक आहे. त्याच्या २००६ च्या आवृत्तीत वेगवेगळ्या धोक्यांना वेगवेगळ्या सुरावटी दिल्या होत्या. कानाला त्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत, हे लक्षात आल्यावर २०२० च्या दुरुस्तीत अर्थ सुचवणारे आवाज आले: हृदयासाठी ठोके, औषधासाठी बाटलीत गोळ्या खुळखुळल्यासारखा आवाज. अंगावरच्या उपकरणात हा विचार अजून पोचलेला मला दिसत नाही. ‘शुगर उतरते आहे, काहीतरी खा’ आणि ‘ब्लूटूथ तुटले आहे’ या दोन गोष्टींना जवळपास सारखीच पिपाणी वाजते. तुमच्या प्रकल्पासाठी हा विषय एकटाही पुरेल.

चिकटपट्टीचे म्हणाल तर ठाण्याच्या ताईंचा राग रास्त आहे, पण ते काम दिसते त्याहून कठीण आहे. पट्टीने दहा-चौदा दिवस धरून ठेवायचे, घाम बाहेर जाऊ द्यायचा, पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि शेवटी कातडी न सोलता सुटायचे. यातल्या कोणत्याही दोन अटी एकमेकींशी भांडतात. शिवाय ऍलर्जी. २०१७ मध्ये बेल्जियमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले की लिब्रे वापरणाऱ्या काहींच्या दंडावर उठणाऱ्या पुरळामागे आयसोबॉर्निल ॲक्रिलेट नावाचे एक रसायन आहे. गंमत म्हणजे ते पट्टीच्या गोंदातले नव्हते. सेन्सरच्या प्लास्टिकचे भाग जोडणाऱ्या गोंदातून झिरपून ते कातडीपर्यंत येत होते. म्हणजे वापरणाऱ्याच्या दंडाची आग कारखान्यातल्या अशा एका थेंबावर ठरत होती, जो कोणाच्या नजरेला पडत नाही. तुम्ही पोत निवडाल तेव्हा आतल्या गोंदाचीही चौकशी करा.

शेवटची सूचना. वापरसुलभतेचे मानक आयईसी ६२३६६ हे आहे. ते वाचा, पण त्यावर विसंबू नका. तुमचा नमुना दुपारी प्रयोगशाळेत, निरोगी मित्रांकडून तपासून घेऊ नका. शुगर ५० वर आली की हात थरथरतात, दृष्टी धूसर होते, दोन आणि दोन किती हे चटकन सुचत नाही, चिडचिड होते. पहाटे तीन वाजता, अंधारात, चष्म्याशिवाय, ओल्या हाताने ते बटण सापडते का, हे पाहा.

प्रतिसाद ४: निवृत्त मास्तर (चिपळूण)

तुला ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस. पस्तीस वर्षांची सवय आहे. मला टाइप २ आहे, वय अडुसष्ट, रोज दोन वेळा इन्सुलिन. सेन्सर मला बाराही महिने परवडत नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधी एक, असा तीन-चार महिन्यांतून एकदा लावतो. आमच्यासारखे खूप असतील, तेव्हा पहिल्याच दिवशी सगळे विसरलेला माणूस तो खोका उघडतो आहे, असे धरून चाल.

माझा उजवा खांदा आखडलेला आहे. मधुमेहात हे सर्रास होते, असे डॉक्टर म्हणाले. हात मागे जात नाही आणि सेन्सर तर दंडाच्या मागच्या बाजूलाच लावायचा. पत्नी लावून देते. ती माहेरी गेली की शेजारचा पोरगा. टोपीचे झाकण फिरवून काढायला बोटांत जोर नाही. मी ते बरणीचे झाकण काढतात तसे फडक्यात धरून काढतो. माहितीपत्रक घडी उलगडली की टेबलाएवढे होते, अनेक भाषांत असते आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढे. एकदा सेन्सर मधेच बंद पडला तेव्हा फोनवर मला खोक्यावरचा क्रमांक वाचून दाखवायला सांगितले. तो वाचायला मला भिंग घ्यावे लागले आणि भिंग घेऊन येईपर्यंत फोन कटला.

आता बरे वाटण्याचे. मे महिन्यात मी हापूस पूर्ण बंद केला होता, अकरा वर्षे. गेल्या वर्षी सेन्सर लावलेला असताना जेवणानंतर अर्धा आंबा खाल्ला आणि बाणाकडे बघत बसलो. शुगर चढली, दोन तासांनी उतरली, माझ्या भीतीएवढी मुळीच चढली नाही. दुसऱ्या दिवशी तोच अर्धा आंबा सकाळी उपाशीपोटी खाऊन पाहिला, तर बाण सरळ उभा. त्या दोन रेघांनी मला जे शिकवले ते अकरा वर्षांच्या पथ्याच्या कागदाने शिकवले नव्हते. यंत्राने मला दटावले नाही, नुसते दाखवले. डॉक्टरांना विचारून आता मी हंगामात अर्धी फोड जेवणानंतर खातो.

आणि ती टोपी एकदा दाबून फेकून द्यायची? एवढे प्लास्टिक? माझ्या हाताने ते कचऱ्यात जात नाही. खिळे ठेवायला एक वापरतो आहे.

रेघोट्या (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. सर, खिळ्यांच्या डबीचा फोटो मिळाला तर प्रकल्पात लावीन.

दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. पहिली अशी की, अलार्म एकाच वेळी आईला जागे करणारा आणि मुलीला वर्गात उघडे न पाडणारा कसा करायचा? दुसरी, सेन्सर लपवायचा की मिरवायचा? काही जण त्यावर रंगीत चित्रांचे स्टिकर लावतात, काही जण पूर्ण बाहीचे कपडे घालतात. दोघांसाठी एकच वस्तू करता येईल का?

ठाणे फास्ट

दुसऱ्याचे उत्तर देते. मी दोन्ही करते. ऑफिसात मीटिंगला झाकते, मैत्रिणींबरोबर अलिबागला गेले की झाकत नाही. लग्न ठरताना झाकला होता, हे कबूल करते. नवऱ्याला दुसऱ्याच भेटीत दाखवला, सासूबाईंना सहा महिन्यांनी. त्यामुळे ‘लपवणारे’ आणि ‘मिरवणारे’ अशी दोन माणसे डोळ्यांसमोर ठेवू नका, एकाच माणसाचे दोन दिवस ठेवा. वस्तू साधी आणि गप्प असू द्या, वरचे कव्हर बदलता येऊ द्या. आणि एक: तो पांढराशुभ्र रंग. गव्हाळ किंवा सावळ्या दंडावर पांढरी चकती लांबून दिव्यासारखी दिसते. कोणाच्या कातडीवर ती मिसळेल असे वाटले होते, कोण जाणे.

इसारकाठी (म्युनिक)

पहिल्याचे उत्तर: आवाज हा एकच मार्ग आहे, असे धरू नका. वर्गात मुलीच्या मनगटावर थरथर पुरते. तिने ठरावीक मिनिटांत ‘कळले’ असे दाबले तर निरोप पुढे जाऊ नये; दाबले नाही किंवा शुगर ५५ च्या खाली गेली, तर शिक्षकांकडे आणि मग आईकडे जावा. म्हणजे आधी जिचे शरीर आहे तिला, नंतर बाकीच्यांना. रात्री हाच क्रम उलटा करता येतो, कारण झोपलेल्या मुलीला थरथर कळणार नाही. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. मुलगी वयाने वाढेल तसा क्रम बदलण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हे ठरवणे अवघड आहे, आणि त्यासाठी अभियंत्याऐवजी तुमच्यासारख्याने त्या दोघींबरोबर बसायला हवे.

मुलीची आई (कोल्हापूर)

वरचे सगळे मी मुलीला वाचून दाखवले. ‘आधी मला’ हे तिला फार पटले आणि ठाण्याच्या मावशींचे खिडकीतून फेकण्याचे वाक्य तिने दोनदा वाचायला लावले. वर्गात थरथर चालेल, पण परीक्षेच्या दिवशी घड्याळही बाहेर ठेवावे लागते, तेव्हा काय, असे ती विचारते आहे. मलाही त्याचे उत्तर माहीत नाही. आत्ता तरी वर्गशिक्षिका डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे तिचा मोबाइल स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतात.

रंगाविषयी विचारले तर म्हणाली, कसलाही चालेल. तिला एकच बदल हवा आहे. पट्टीच्या कडेला बोटाने धरण्यापुरता, गोंद नसलेला एक कान असावा. म्हणजे काढताना मी नखाने कोरत बसणार नाही आणि तिला स्वतःला ओढता येईल. केवढा, असे विचारले तर करंगळी पुढे केली.

रेघोट्या (पुणे)

करंगळीच्या नखाएवढा की पेराएवढा? रविवारपर्यंत कागदी नमुने कापतो. दोन्ही मापांचे पाठवू का?

मुलीची आई (कोल्हापूर)

पेराएवढा बाहीत अडकेल, असे ती म्हणते. नखाएवढा पाठवा, आणि दोन पाठवा. एक ती आजीच्या हातावर लावून बघणार आहे.